पाच मिलिमीटरच्या आतले जीव: पावसाळी मॅक्रोत उजेड, अंतर आणि इतर भानगडी

पानगळ

जून लागला की मॅक्रोचे (अगदी जवळून, मोठं करून काढलेल्या फोटोंचे) तेच तेच प्रश्न पुन्हा सुरू होतात, म्हणून एकाच ठिकाणी चर्चा होऊ द्या. फुलपाखरं, चतुर, मोठे नाकतोडे इथे नकोत. मावा, तुडतुडे, ट्रीहॉपर, उड्या मारणारे कोळी, स्प्रिंगटेल असे पाच मिलिमीटरच्या आसपासचे किंवा त्याहून लहान जीव घेऊ. कोळी कीटक नव्हेत हे मान्य, पण लेन्सला त्याचं काही नाही.

आधी आकडे. फुलफ्रेम सेन्सर 36 मिमी रुंद असतो. 1:1 ला (सेन्सरवरची प्रतिमा किड्याएवढीच, म्हणजे 1 पट) फ्रेममध्ये 36 मिमी जागा मावते, त्यात 3 मिमीचा तुडतुडा रुंदीचा जेमतेम बारावा हिस्सा व्यापतो. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर 23.5 मिमीचा (कॅननचा 22.3). त्यावर 2 पट मॅग्निफिकेशन मिळालं की फ्रेमची रुंदी 12 मिमीच्या खाली येते आणि तोच तुडतुडा पाव फ्रेम भरतो. म्हणजे 1:1 लिहिलेली नुसती मॅक्रो लेन्स या धाग्यासाठी अपुरी आहे, 2 पटीपासून पुढे कामाला सुरुवात.

आपली जोडणी किती पट देते हे विचारत बसू नका. स्टीलच्या पट्टीचा फोटो काढा, फ्रेमच्या रुंदीत किती मिलिमीटर दिसतात ते मोजा आणि सेन्सरच्या रुंदीला त्या आकड्याने भागा.

घरात 55-250 किंवा 70-300 मिमीची झूम लेन्स पडलेली असेल तर पहिली खरेदी रेनॉक्स डीसीआर-250. ही 8 डायॉप्टरची, म्हणजे 125 मिमी फोकल लेंग्थची भिंगांची जोडणी आहे. स्प्रिंगचे कान असलेल्या अडॅप्टरने 52 ते 67 मिमी फिल्टर थ्रेडच्या कुठल्याही लेन्सला चिकटते. लेन्सचा फोकस अनंताला ठेवला की मॅग्निफिकेशन = लेन्सची फोकल लेंग्थ भागिले 125. 250 ला 2 पट, 300 ला 2.4 पट. किडा भिंगापासून साधारण 11 सेंटिमीटरवर असताना फोकस होतो आणि झूम बदललं तरी हे अंतर फारसं हलत नाही. कमी फोकल लेंग्थला कोपरे काळे पडतात, त्यामुळे 100 च्या खाली उतरू नका.

डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे धारदार दिसणारी खोली, किती मिळते? फुलफ्रेमवर, मॅक्रो लेन्सने, 1:1 आणि एफ 11 ला (एफ आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) साधारण 1.3 मिमी. 2 पट, एफ 8 ला 0.36 मिमी. 3 पट, एफ 5.6 ला 0.15 मिमी. कागदाच्या पानाची जाडी 0.1 मिमी असते, त्यावरून अंदाज बांधा. फोटो हलला असं ज्याला आपण म्हणतो, ते बहुतेक वेळा हललेलं नसतं, डोळ्याऐवजी मानेवर फोकस गेलेला असतो.

तिरफळ

चांगला धागा, वाखु (वाचनखूण) साठवली. एक भर घालतो, कारण इथे बरेच जण गोंधळतात.

मॅक्रो लेन्स पुढे सरकते तसा एफ आकडा प्रत्यक्षात वाढत जातो. खरा एफ आकडा = लावलेला एफ × (1 + मॅग्निफिकेशन). 1 पटीला एफ 11 म्हणजे खरा 22. 2 पटीला एफ 8 म्हणजे 24. 3 पटीला एफ 5.6 म्हणजे 22. 5 पटीला एफ 4 म्हणजे 24. फुलफ्रेमवर या गुणाकाराला 22-24 च्या पुढे जाऊ देऊ नका, एपीएस-सीवर 16 च्या आसपास थांबा. पुढे गेलात तर डेप्थ वाढते, पण डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) किड्याच्या डोळ्याच्या जाळीतले षटकोन पुसले जातात. निकॉनच्या मायक्रो लेन्स कॅमेऱ्यावर हा खरा आकडाच दाखवतात, म्हणून 2.8 ची लेन्स 1:1 ला 2.8 वर जातच नाही आणि लोक लेन्स बिघडली समजून दुकानात नेतात. कॅनन लावलेला आकडा दाखवतो, हिशोब आपण करायचा.

रेनॉक्सला मात्र हा गुणाकार लागू नाही! मूळ लेन्स अनंताला असेल तर सेन्सरवर पडणारा उजेड बदलत नाही. एफ 16 म्हणजे 16 च. त्यामुळे रेनॉक्स लावून एफ 8 वर काढणं म्हणजे हाती असलेली डेप्थ फुकट घालवणं. एफ 14-16 बिनधास्त लावा.

गवतीचहा

फक्त 18-55 आहे. सहाशे रुपयांच्या आत काय होईल?

पानगळ

रिव्हर्स रिंग. लेन्स उलटी जोडायची. 28 मिमीला उलटी लावली की साधारण 2 पट मिळते, 18 ला त्याहून बरीच जास्त. त्रास तीन आहेत. एक, छिद्रावर कॅमेऱ्याचा ताबा राहत नाही. कॅनन ईएफ लेन्स असेल तर सरळ लावून एफ 8 ठेवा, डेप्थ प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरा आणि तसंच दाबलेलं ठेवून लेन्स काढा, छिद्र तिथेच अडकून राहतं. निकॉनच्या जी लेन्सला (छिद्राची रिंग नसलेल्या) मागची खिटी खडूच्या तुकड्याने किंवा रबरने अडकवावी लागते. दोन, किडा लेन्सच्या माउंटपासून (कॅमेऱ्याला जोडायच्या बाजूपासून) पाच-सहा सेंटिमीटरवर येतो, त्यामुळे लेन्सचीच सावली त्याच्यावर पडते. तीन, लेन्सची नाजूक बाजू बाहेर येते आणि पावसाळ्यात तीच पानाला घासते.

एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या (12, 20 आणि 36, एकूण 68 मिमी) 50 मिमीच्या लेन्सला लावल्या तर 68 भागिले 50, म्हणजे 1.36 पट, शिवाय लेन्सची स्वतःची थोडी. विजेचे संपर्कबिंदू नसलेल्या स्वस्त ट्यूब घेऊ नका, त्यात वरचाच छिद्राचा घोळ होतो.

चतुरटाचणी

लेन्सवर इतकं बोलणं झालं, पण या आकाराच्या फोटोत लेन्सचा वाटा कमी आणि उजेडाचा जास्त असतो. 2 पट, एफ 16, आयएसओ 200 ला सह्याद्रीतल्या पावसाळी झाडीत उजेड नसतोच, तेव्हा फ्लॅश अटळ आहे. फ्लॅशने फोटो मेलेला दिसतो ही तक्रार खरी, पण तो दोष डिफ्यूझरचा, म्हणजे उजेड पसरवणाऱ्या पडद्याचा.

उघडा फ्लॅश किड्याच्या दृष्टीने एक ठिपका असतो. ढालकिड्याच्या पाठीवर किंवा कोळ्याच्या डोळ्यात तो पांढरा भोसका पाडतो आणि त्या जागेचा रंग परत येत नाही. उजेड मऊ होतो तो पृष्ठभाग किड्यापासून किती जवळ आणि किती मोठा आहे त्यावर. 20 सेंटिमीटर रुंद कागद 8 सेंटिमीटरवर असेल तर 3 मिमीच्या किड्यासाठी ते ढगाळ आकाश आहे. तोच कागद फ्लॅशच्या तोंडाला चिकटवला तर काहीही उपयोग नाही, आणि बाजारातले छोटे पांढरे टोपणवाले डिफ्यूझर नेमकं हेच करतात.

करायची कृती. काळ्या कार्डशीटचं छत कापा: फ्लॅशकडची बाजू फ्लॅशच्या तोंडाएवढी, पुढची बाजू 20 सेंटिमीटर, लांबी साधारण 20-22 सेंटिमीटर (लेन्सप्रमाणे कमीजास्त). छताच्या आतून वेफर्सच्या पाकिटाची चंदेरी बाजू दुहेरी टेपने चिकटवा. फ्लॅशपासून 3 सेंटिमीटरवर पहिला पडदा, स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या अर्धपारदर्शक पांढऱ्या प्लास्टिक फाइलचा. पुढच्या टोकाला दुसरा पडदा, त्याच फाइलचा, 15 बाय 20 सेंटिमीटर, थोडा वाकवून लेन्सच्या तोंडावर छपरासारखा येईल असा. खालची कड लेन्सच्या पुढे दोन बोटं गेली पाहिजे. सगळं वेल्क्रोने बसवा, खिळेस्क्रू नकोत. बटर पेपर वापरू नका, आंबोलीच्या हवेत तासाभरात पापडासारखा वाकतो.

दोन पडद्यांमधली मोकळी जागा महत्त्वाची. पहिला पडदा झोत पसरवतो, दुसरा चमकतो. दोन्ही एकमेकांना चिकटवले की ते एकच जाड पडदा होतात आणि मधोमध चटका उरतो. फ्लॅशचं झूम 20-24 ला ठेवा, म्हणजे झोत आधीच रुंद होऊन निघतो.

तपासणी घरीच करा. सायकलच्या बेअरिंगचा छर्रा काळ्या कापडावर ठेवून फोटो काढा. छर्ऱ्यात डिफ्यूझर जसा दिसतो तसाच तो कोळ्याच्या डोळ्यात दिसणार. कडांपेक्षा मध्य खूप उजळ असेल तर पहिल्या पडद्याच्या मध्यभागी त्याच फाइलचा दोन बाय दोन सेंटिमीटरचा तुकडा चिकटवा आणि पुन्हा काढा. दोन-तीन फेऱ्यांत जमतं.

कुंपणावरचा सरडा

+1. जोडीला किड्याच्या खाली, फ्रेमच्या बाहेर, पांढऱ्या कार्डाचा तुकडा धरला तर पोटाकडची सावली उघडते. व्हिजिटिंग कार्ड पुरतं.

फ्लॅश टीटीएलवर (ताकद आपोआप ठरवणाऱ्या मोडवर) ठेवू नका, मॅन्युअलमध्ये पूर्ण ताकदीच्या 1/16 किंवा 1/32 वर ठेवा. कारणं दोन. टीटीएल मोजमापासाठी आधी एक छोटा झोत सोडतो आणि लांब पायांच्या हिरव्या चकचकीत माश्या त्या झोतालाच उडतात, फोटोत नुसतं पान येतं. दुसरं, पूर्ण ताकदीचा झोत सेकंदाच्या सुमारे अडीचशे-तीनशेव्या भागाएवढा लांबतो, कमी ताकदीचा काही हजाराव्या भागात संपतो. हात थरथरला तरी चित्र गोठतं ते या छोट्या झोतामुळे, शटरमुळे नाही. शटर 1/160 किंवा 1/200 ठेवा. हाय-स्पीड सिंक (याहून जलद शटरसाठीची फ्लॅशची सोय) चालू केलंत तर फ्लॅश लुकलुकत जळतो, ताकद पडते आणि गोठवण्याचा फायदाही जातो.

गवतीचहा

मग मागचं सगळं काळं येतं त्याचं काय? दिवसा काढलेला फोटो रात्रीचा वाटतो.

कुंपणावरचा सरडा

फ्लॅशचा उजेड मागे पोचत नाही म्हणून. उपाय सोपा: किड्याच्या मागे चार-पाच सेंटिमीटरवर एखादं पान येईल असा कोन निवडा, किंवा सुटं पडलेलं पान चिमट्यात धरून तिथे आणा. आभाळ हवं असेल तर आयएसओ 800 आणि शटर 1/60 करा, पण मग वाऱ्यात कडेला भुतासारखी दुहेरी रेघ येते. पान मागे आणणं अधिक भरवशाचं.

ओंबील

हातात कॅमेरा कसा धरायचा हे कोणीच लिहिलं नाही. ट्रायपॉड या आकारासाठी जवळपास निरुपयोगी आहे. तो मांडेपर्यंत तुडतुडा पानाच्या खालच्या बाजूला गेलेला असतो.

डाव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीत काडी किंवा पानाचा देठ धरायचा आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांवर लेन्सचं तोंड टेकवायचं. आता वाऱ्याने काडी हलली तर लेन्सही तिच्याबरोबर हलते, दोघांमधलं अंतर तेच राहतं. फोकस मॅन्युअल, रिंगला हात लावायचा नाही. बोटं किंचित दुमडत-उलगडत लेन्स मागेपुढे न्यायची, डोळ्यावर धार दिसली की दाबायचं. देठ धरण्याआधी त्यावर ओंबील (तांबड्या मुंग्या, कोकणात हुमले म्हणतात तेच) नाहीत ना ते बघा, चावतात आणि वर फॉर्मिक आम्लही सोडतात.

जवळ जाताना सावली आधी पोचू देऊ नका आणि किड्यावर श्वास सोडू नका. श्वासाने मुंग्यांची रांग फुटते. आडवं सरकू नका, समोरून सरळ आणि हळू या. उड्या मारणारा कोळी पळून जायच्या आधी बऱ्याचदा वळून तुमच्याकडे बघतो. तोच फोटो. पुढचे दोन मोठे डोळे ज्या प्रतलात आहेत त्याला सेन्सर समांतर ठेवा, म्हणजे 0.3 मिमीच्या डेप्थमध्येही दोन्ही डोळे बसतात.

ओंबिलांच्या घरट्याजवळ असाल तर प्रत्येक 'मुंगी' नीट बघा. मिर्माप्लाटा प्लाटालिऑइडीस हा कोळी ओंबिलाची नक्कल करतो. पुढचे पाय मिशांसारखे उचलून चालतो, डोक्याच्या बाजूला मुंगीच्या डोळ्यासारखे काळे ठिपकेही असतात. नराचे जबडे इतके लांब की मुंगीने दुसरी मुंगी उचललीय असं वाटतं. हटकला की मात्र धागा सोडून खाली लोंबकळतो, मुंगी तसं करत नाही. वरून काढलेल्या फोटोत फरक कळत नाही, समोरून काढा.

रानमेवा

स्टॅकिंगबद्दल (वेगवेगळ्या जागी फोकस केलेल्या फ्रेमा जोडून एक फोटो करणं) कोणी सविस्तर लिहील का? हातात धरून जमतं का?

तिरफळ

जमतं, पण बरोब्बर 0.25 मिमीच्या पायऱ्या हाताने कोणालाच जमत नाहीत. म्हणून जास्त काढून निवडायचे. कॅमेरा सतत-शॉटवर, सेकंदाला पाच-सहा, फ्लॅश 1/32 वर, बॅटऱ्या निकेल-मेटल हायड्राइडच्या. अल्कलाइन घातल्या तर फ्लॅश लवकर भरत नाही आणि मधल्या फ्रेमा काळ्या येतात. मिशांच्या टोकापासून सुरू करून मागे सरकत 20-25 फ्रेमा, त्यातल्या 8-10 उपयोगाच्या निघतात. मिशी हलली असेल ती फ्रेम आधीच काढून टाका, नाहीतर किड्याला चार मिशा येतात.

झिरीन या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पीमॅक्स ही पद्धत केस, काटे, एकमेकांवरून जाणारे पाय यांना चांगली, पण नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवते. डीमॅप रंग जपते, पण केसांभोवती धुकट कडा सोडते. हेलिकॉन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सी ही पीमॅक्सच्या जवळची, बी ही डीमॅपसारखी. दोन्ही करून पीमॅक्सचे केस डीमॅपवर रिटच करणं हा रुळलेला मार्ग. अंगाच्या मधोमध धूसर पट्टा आला तर तो सॉफ्टवेअरचा दोष नसतो, तिथली फ्रेमच नाही. ती परत मिळत नाही, तेव्हा अर्धवट स्टॅक टाकून द्या आणि डोळ्यावरची एकच धारदार फ्रेम ठेवा. निम्म्या वेळा ती जास्त बरी दिसते.

थंड सकाळ स्टॅकसाठी उत्तम. नोव्हेंबर ते जानेवारी, सूर्य वर यायच्या आधी, दव पडलेलं असताना कीटक हलतच नाहीत. ऊन लागल्यावर काही मिनिटांत खेळ संपतो. किडा फ्रिजमध्ये ठेवून थंड करायचा सल्ला नेटवर सापडेल. इथे देऊ नये.

चतुरटाचणी

अनुमोदन. स्प्रेने दव पाडणं, गोंदाने चिकटवणं हेही त्यातलंच. फवाऱ्याचे थेंब खऱ्या दवासारखे बसतही नाहीत, सगळे एका बाजूला पडतात.

गवतीचहा

पावसात कॅमेऱ्याची काळजी? सिलिका जेल की तांदूळ?

पानगळ

तांदूळ भातासाठी ठेवा. त्याने ओलावा फारसा कमी होत नाही, त्याची पूड मात्र लेन्सच्या रिंगमध्ये जाते.

हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक आणि नारंगी सिलिका जेल. काटा 40 ते 50 टक्क्यांत ठेवा. 60-65 च्या वर बराच काळ राहिला तर लेन्समध्ये बुरशी धरते, फार कोरडं केलं तर रबर आणि वंगण सुकतं. मणी हिरवे झाले की ओव्हनमध्ये 110-120 अंशाला दोन तास, पुन्हा नारंगी होतात. निळे मणी घेऊ नका, त्यात कोबाल्टचं विषारी संयुग असतं.

एसी गाडीतून उतरल्यावर बॅग लगेच उघडू नका. कॅमेरा बंद पिशवीत वीस-तीस मिनिटं बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. रेनॉक्सच्या मागे, लेन्स आणि भिंग यांच्या मधल्या पोकळीत धरलेलं बाष्प बाहेरून दिसत नाही, फोटो फक्त पांढुरके येत राहतात. शंका आली की रेनॉक्स काढून पुसा.

ओंबील

जमिनीवर आडवं होण्याआधी हात टेकायची जागा काठीने चाळून घ्या. कोकण पट्ट्यात दगडाखाली आणि पाचोळ्यात फुरसं असतं. आंबोलीसारख्या ठिकाणी झुडपांत, डोळ्यांच्या उंचीवर हिरवा चापडा (हाही विषारी साप) बसलेला असतो, आणि आपण 11 सेंटिमीटरवरून पान बघत असतो. रात्री टॉर्च आधी फांदीवर, मग किड्यावर.

केशरी-काळा, मुंगीएवढा लांबट पेडेरस भुंगा मानेवर बसला तर फुंकरून उडवा, चिरडू नका. त्याच्या अंगातला द्रव त्वचेवर फोड आणतो, आणि तो दुसऱ्या दिवशी उठतो म्हणून कारण लक्षात येत नाही. गवतात बसून काम केल्यावर घरी येऊन कपडे धुवायला टाका आणि अंघोळ करा. गवतातल्या सूक्ष्म माइट अळ्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. आठ-दहा दिवसांनी ताप आला तर डॉक्टरांना गवतात बसल्याचं आवर्जून सांगा.

अभयारण्यात, मग ते मोले असो की कोयना, परवानगीशिवाय रात्री शिरू नका. टेकडीवरची बाभूळ आणि बांधावरची रुई वर्षभर पुरेल एवढे जीव देतात.

रानमेवा

बाभळीवर नेमकं काय शोधायचं?

ओंबील

कोवळ्या फांदीवर एका ओळीत मुंग्या थांबलेल्या दिसल्या की तिथेच. त्या ट्रीहॉपरच्या पिल्लांचा गोड स्राव गोळा करत असतात. ऑक्सिरॅकिस जातीचे प्रौढ सहा-सात मिलिमीटरचे, डोक्यामागे दोन शिंगं, फांदीच्या रंगाचे, काटाच वाटतात. एका बाजूने गेलात तर फिरून फांदीच्या पलीकडे जातात. दुसरा हात पलीकडून हळूच आणा, की ते पुन्हा तुमच्या बाजूला येतात. बाजूने काढा, शिंगाचा आकार तिथूनच कळतो.

ओळख पटवायची असेल तर एकाच किड्याचे तीन फोटो हवेत: वरून, बाजूने, समोरून. माशी असेल तर पंखातल्या शिरा दिसल्या पाहिजेत, कोळी असेल तर डोळ्यांची मांडणी आणि पोटाची वरची नक्षी. चौथा फोटो झाडाच्या पानाफुलाचा. बऱ्याच तुडतुड्यांची ओळख झाडावरून अर्धी होते, आणि नेमका तोच काढायचा राहतो.

गवतीचहा

रिव्हर्स रिंग मागवली, 58 ची. लेन्सवर Ø चिन्हापुढे 58 आहे, म्हणजे बरोबर ना?

पानगळ

बरोबर, तोच थ्रेड. माउंटची बाजू कॅमेऱ्याच्या कंपनीचीच आहे ना तेवढं पाकिटावर बघून घ्या. आणि मागच्या बाजूला लावायला एखादा जुना यूव्ही फिल्टर शोधा, त्यासाठी मागच्या माउंटला बसणारी वेगळी संरक्षक रिंग मिळते. पावसात ती नसेल तर रिव्हर्स लेन्स बाहेर काढू नका.